प्रोटीन मॉडिफिकेशन आणि आजार: ऑरगॅनिकवाल्यानं यात नक्की काय करायचं?

जुळेसोलापूर_ऑरगॅनिक

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, एमएस्सी ऑरगॅनिक, दुसरं वर्ष, आणि प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आलीय. आमच्याकडे बहुतेक जण चालकोन करतात, त्याचं पायराझोलीन करतात, एनएमआर बाहेरून काढून आणतात आणि शेवटी बॅक्टेरियावर झोन मोजतात. त्यात हात बसतो हे खरंय, पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू आहे.

बाबांना शुगर आहे. त्यांच्या रिपोर्टवर एचबीए१सी होतं, ते काय असतं म्हणून वाचत बसले तर कळलं की ग्लुकोजचा आल्डिहाइड हिमोग्लोबिनच्या अमाइनला लागतो, शिफ बेस होतो आणि मग अमाडोरी रिअरेंजमेंट! ही रिॲक्शन आपण परीक्षेला पाठ करतो आणि ती घरातल्या माणसाच्या रक्तात चालू आहे हे वाचून मला रात्री झोपच लागेना. पुढे वाचलं तर अल्झायमर, पार्किन्सन, संधिवात, सगळीकडे प्रोटीनला काहीतरी लागलेलं आहेच, कुठे फॉस्फेट, कुठे साखर, कुठे ॲसिटिल.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हे बायोकेमिस्ट्रीचं आहे, आपलं नाही. म्हणून विचारतेय की ऑरगॅनिकवाल्याला यात खरंच काही जागा आहे का, की फक्त त्यांना केमिकल बनवून द्यायचं? आणि आमच्या लॅबमध्ये यूव्ही, टीएलसी, रोटाव्हेपर एवढंच आहे, रेणूचं वजन मोजणारं मास स्पेक वगैरे नाही, तर त्यात बसेल असं काही करता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

हुतात्मा_सकाळची

सोलापूरचं माणूस विचारतंय म्हटल्यावर सविस्तरच लिहितो. मी पुण्यात केमिकल बायोलॉजीत पीएचडी करतोय, एमएस्सी सोलापुरातच झालं आणि तेही ऑरगॅनिकच, त्यामुळे तुझी अडचण मला बरोबर कळतेय.

आधी हे सांगतो की हे शंभर टक्के ऑरगॅनिक आहे. प्रोटीन समोर आलं की आपण त्यातले न्यूक्लिओफाइल बघायचे: सिस्टीनचा थायोल, लायसिनचा अमाइन, हिस्टिडिनचा इमिडाझोल, सेरीनचा ओएच आणि साखळीच्या सुरुवातीचा मोकळा अमाइन. आता तुझंच उदाहरण घे, हिमोग्लोबिनमध्ये लायसिन ढिगाने आहेत तरी ग्लुकोज बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनलाच का जास्त लागतो? लायसिनच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे अमाइन प्रोटॉन घेऊन असतात तो आकडा) साडेदहाच्या आसपास, म्हणजे रक्ताच्या ७.४ पीएचला तो जवळपास सगळा प्रोटॉन घेऊन बसलेला असतो, लोन पेअर मोकळा नाही, मग हल्ला कशाने करणार. साखळीच्या टोकाच्या अमाइनचा पीकेए सातच्या जवळ येतो, त्यामुळे त्यातला बराचसा मोकळा असतो. शिफ बेस उलटा फिरू शकतो, पण अमाडोरी होऊन एकदा कीटोअमाइन झालं की ते शरीरात जवळजवळ मागे फिरत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून रिपोर्टमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला हा फरक सॅम्युएल रहबर यांनी तेहरानमध्ये १९६८ साली दाखवला होता.

आता तुझा मुख्य प्रश्न. आजारी माणसाच्या पेशीत प्रोटीनला काहीतरी लागलेलं दिसलं, इथपर्यंत बायोलॉजी आणि मास स्पेक घेऊन येतात. पण त्याच्यामुळे आजार झाला की आजार झाल्यावर ते लागलं? हा खरा गुंता आहे, आणि तो सोडवायला ऑरगॅनिकवालाच लागतो. कारण पेशीतून काढलेलं प्रोटीन म्हणजे सगळी खिचडी असते, एकाच प्रोटीनच्या काही रेणूंना फॉस्फेट, काहींना साखर, काहींना दोन्ही, काही कोरे. ठरलेल्या एकाच जागेवर एकच मॉडिफिकेशन असलेलं शुद्ध प्रोटीन हातात आलं तरच त्याचं वागणं बघता येतं, आणि असं प्रोटीन बऱ्याचदा बनवूनच घ्यावं लागतं.

पार्किन्सनचं उदाहरण देतो, मला सगळ्यात आवडतं ते. आल्फा सिन्युक्लिन नावाचं १४० अमिनो ॲसिडचं प्रोटीन आहे, पार्किन्सनच्या मेंदूत त्याच्या गाठी सापडतात, लुई बॉडी म्हणतात त्यांना. त्या गाठींमधल्या बहुतांश प्रोटीनवर १२९ नंबरच्या सेरीनला फॉस्फेट असतो आणि निरोगी मेंदूत तो फार थोड्या रेणूंवर असतो. साहजिकच सगळे म्हणणार की फॉस्फेटमुळेच गाठी होतात. तपासायला जेनेटिक्सवाले त्या सेरीनच्या जागी ॲस्पार्टेट किंवा ग्लुटामेट बसवायचे, त्यालाही निगेटिव्ह चार्ज आहे ना म्हणून. पण कार्बोक्झिलेटवर एकच चार्ज, फॉस्फेटवर ७.४ ला दोनच्या जवळ, शिवाय एक सपाट आणि एक टेट्राहेड्रल, हे आपल्याला बीएस्सीपासून माहीत आहे. आणि झालंही तसंच, ही नक्कल खऱ्या फॉस्फेटसारखी वागलीच नाही.

मग खरा फॉस्फेट घातलेलं प्रोटीन बनवायचं कसं? १०७ पासून १४० पर्यंतचा ३४ अमिनो ॲसिडचा तुकडा रेझिनवर बनवायचा, मेरीफिल्डना १९८४ चं नोबेल मिळालं तीच पद्धत, फक्त आता एफमॉक नावाच्या प्रोटेक्टिंग ग्रुपने, आणि १२९ ला आधीच फॉस्फेट लावलेला, बेंझिलने झाकलेला सेरीन टाकायचा. उरलेला मोठा भाग बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचा, त्याच्या शेवटी थायोएस्टर येईल अशी सोय करून. आता या दोघांना जोडायचं, आणि इथे नेटिव्ह केमिकल लायगेशन येतं, केंट यांच्या ग्रुपने १९९४ मध्ये दिलेलं. छोट्या तुकड्याच्या सुरुवातीला सिस्टीन ठेवायचा, त्याचा थायोल थायोएस्टरवर जातो, आधी थायोएस्टरची अदलाबदल होते, मग शेजारीच बसलेला अमाइन पाच मेंबरच्या रिंगमधून ॲसिल ग्रुप स्वतःकडे ओढून घेतो आणि साधा अमाइड बाँड तयार! पाण्यात, पीएच सातच्या आसपास, बाकीच्या लायसिनना प्रोटेक्टिंग ग्रुपही नाही. पहिल्यांदा मेकॅनिझम काढलं तेव्हा मी वहीचं पान बराच वेळ बघत होतो.

पण आल्फा सिन्युक्लिनमध्ये मुळात एकही सिस्टीन नाही, मग? १०७ वर ॲलनिन आहे. तिथे सिस्टीन ठेवून जोडायचं आणि नंतर डीसल्फरायझेशन करून सल्फर काढून टाकायचं, सीएचटूएसएच चं सीएचथ्री झालं की सिस्टीनचा परत ॲलनिन. जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही.

याच मार्गाने ७२ नंबरच्या थ्रिओनीनवर ओ-ग्लुकनॅक नावाची एक साखर असलेलं आल्फा सिन्युक्लिन बनवलं गेलं, २०१५ मध्ये छापून आलं, आणि त्या एका साखरेने गाठी होणं अडवलं. म्हणजे प्रोटीनला काही लागलं की ते वाईटच असं नाही, काही मॉडिफिकेशन राखणदार असतात. हे कळलं ते कुणीतरी ती साखर योग्य जागी, योग्य ॲनोमरने, म्हणजे बाँडची दिशा बरोबर ठेवून, बसवली म्हणून. तेव्हा मॅडमना आदराने सांग की हे आपलं पण आहे.

पॅथलॅब_सातरस्ता

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅब चालवते, एचबीए१सी रोज करते, म्हणून लॅबच्या बाजूने थोडं लिहिते.

बाळ, तू जे वाचलंस ते आमच्या मशीनमध्ये प्रत्यक्ष दिसतं. आयन एक्स्चेंजच्या मशीनमध्ये टोकाचा अमाइन अडकल्यामुळे चार्ज बदलतो, त्यावरून पीक वेगळं पडतं. दुसरी पद्धत बोरोनेट ॲफिनिटीची, कॉलमवर फिनाइलबोरोनिक ॲसिड असतं आणि साखरेच्या सिस डायॉलला ते धरून ठेवतं, बाकीचं हिमोग्लोबिन वाहून जातं. तुमच्या पुस्तकातला बोरोनेट एस्टर.

आता चार्ज बघणाऱ्या पद्धतीत केमिस्ट्री माहीत नसेल तर फसायला होतं. किडनीच्या पेशंटमध्ये युरिया वाढलेला असतो, युरियाचं थोडं सायनेट होत असतं, त्यातलं आयसोसायनिक ॲसिड त्याच व्हॅलिनला जाऊन लागतं, कार्बामायलेशन म्हणतात त्याला. तिथेही अमाइनचा चार्ज गेलाच, म्हणून जुन्या पद्धतींमध्ये हे एचबीए१सीच्या पीकमध्ये मिसळायचं आणि शुगर उगाच जास्त दिसायची. नव्या मशीनमध्ये हा त्रास बराच कमी झालाय. बोरोनेटवर तो मुळातच नाही, कारण कार्बामायलला डायॉल कुठे आहे!

आणि इथे येणाऱ्या बायकांबद्दल बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे अंगात रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की कुणी त्याला आजारच समजत नाही. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर जाऊ शकतं. उलट पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खाली येतं. साडेसहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा रिपोर्ट आला की मी आधी सीबीसी बघते आणि डॉक्टरांना फोन करून सांगते. तपासणीच्या दोन दिवस आधी गोड बंद करून येणारे पेशंट भरपूर आहेत, उपाशीपोटीची साखर छान येते आणि घरी सगळे खूश होतात, पण झालेली अमाडोरी दोन दिवसांत पुसली जात नाही ना. वडिलांना सांग औषध चुकवायचं नाही आणि पाय रोज बघायचे.

संधिवाताची अँटी सीसीपी टेस्ट पण वाच जमलं तर. पॅड नावाचं एन्झाइम आर्जिनिनच्या ग्वानिडिनचं युरिया करून टाकतं, म्हणजे सिट्रुलीन, पॉझिटिव्ह चार्ज गेला, आणि काही लोकांचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. ती पकडायला टेस्टमध्ये जे वापरतात ते सिट्रुलीन असलेलं, रिंग केलेलं पेप्टाइड, कुठल्यातरी केमिस्टनेच बनवलेलं. किती लोकांचं निदान सांधे वाकायच्या आधी होतं त्यामुळे.

डायहाऊस_अक्कलकोटरोड

मी प्रोटीनमधला माणूस नाही पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय. बीएस्सी केमिस्ट्री करून डायहाऊसमध्ये लागलो ते आजपर्यंत तिथंच आहे, टॉवेलच्या सुताला रिॲक्टिव्ह रंग देतो.

ताई, तुम्ही जे प्रोटीनचं सांगताय ते आम्ही सुतावर रोज करतोय की. व्हिनाइल सल्फोनचा रंग डब्यात सल्फेट एस्टर होऊन झोपलेला असतो. आधी मीठ टाकून रंग सुताकडं ढकलायचा, मग सोडा ॲश टाकायचा, पीएच अकराच्या आसपास गेला की सल्फेट निघून व्हिनाइल सल्फोन उघडा पडतो आणि सेल्युलोजचा ओएच त्याच्यावर मायकल ॲडिशन करतो. कोव्हॅलंट बाँड, म्हणून टॉवेल कितीही धुवा रंग जात नाही. कापसावर रिॲक्टिव्ह रंग १९५६ ला पहिल्यांदा बाजारात आले, प्रोसिऑन नावानं. त्रास एकच, पाण्यालाही ओएच आहे, रंगाचा काही हिस्सा पाण्याशीच रिॲक्शन करून बाद होतो, तो मग सोपिंगला उकळत्या पाण्यात काढत बसायचं. सोडा घाईत टाकला की लॉट डागी, मग पार्टी घेत नाही.

मला विचारायचं होतं की शरीरात तर सगळीकडं पाणी आणि हजारो प्रोटीन, मग औषध तिथं नेमकं एकालाच कसं चिकटतं? आमच्या टाकीत फक्त सूत आणि पाणी तरी एवढी मारामारी.

हुतात्मा_सकाळची

दादा, फार मोलाचा प्रश्न विचारलात. आणि केमिस्ट्री खरंच तीच आहे.

उत्तर असं की रिॲक्टिव्ह भाग मुद्दाम मंद ठेवतात. तुमचा व्हिनाइल सल्फोन बऱ्यापैकी तडक आहे, औषधात बऱ्याचदा ॲक्रिलअमाइड वापरतात, तोही मायकल ॲक्सेप्टर पण शांत, नुसत्या पाण्याकडे किंवा लायसिनकडे तो फारसा बघत नाही, सिस्टीनचा थायोलच लागतो त्याला. बाकीचा रेणू असा घडवतात की तो आधी ठरलेल्या प्रोटीनच्या खाचेत जाऊन बसतो, बाँड न करताच. तिथे बसल्यावर ॲक्रिलअमाइड सिस्टीनच्या अगदी तोंडाशी येतो आणि मग रिॲक्शन होते. तुम्ही मीठ टाकून रंग सुताजवळ नेता आणि मग सोडा टाकता, तसे दोन टप्पे इथेही आहेत.

सोटोरासिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध, अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. केरास नावाच्या प्रोटीनमध्ये १२ नंबरच्या ग्लायसिनचा म्युटेशनने सिस्टीन होतो, निरोगी पेशीतल्या केरासमध्ये तिथे सिस्टीन नसतोच. म्हणजे चिकटायची जागा फक्त बिघडलेल्या प्रोटीनवर आहे! कित्येक वर्षं या प्रोटीनला औषधच होणार नाही असं लोक धरून चालले होते. ॲस्पिरिनही याच जातीचं, कॉक्स एन्झाइमच्या सेरीनला स्वतःचा ॲसिटिल देऊन टाकतं. प्लेटलेटला नवीन एन्झाइम बनवता येत नाही म्हणून एक छोटी गोळी तिच्या उरलेल्या आयुष्यभर पुरते, आठ-दहा दिवस.

ठाणे_मासस्पेक

सोलापूरच्या गप्पांत ठाण्याची घुसते, आजोळ बार्शीचं आहे म्हणून हक्क समजते.

मी प्रोटिओमिक्स करते, म्हणजे पेशीतली सगळी प्रोटीन एकदम तपासते, मास स्पेकवर बसते, आणि मनापासून सांगते की आमच्या ग्रुपमध्ये ऑरगॅनिक शिकलेलं माणूस असलं की चुका आधी सापडतात. मशीन फक्त वजन सांगतं. फॉस्फेट लागला की ७९.९६६ वाढतं, ॲसिटिल लागला की ४२.०११, तीन मिथाइल लागले की ४२.०४७. शेवटच्या दोघांमध्ये फरक बघ किती बारीक आहे, आणि हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवर, अर्थ अगदी वेगळा.

एक किस्सा सगळ्यांना माहीत असायला हवा. प्रोटीन कापायच्या आधी सिस्टीन झाकायला आम्ही आयोडोॲसिटामाइड टाकतो, साधी एसएनटू, थायोलवर ५७.०२१ चढतं. आता युबिक्विटिन (दुसऱ्या प्रोटीनला खूण म्हणून लागणारं छोटं प्रोटीन) ज्या लायसिनला लागलेलं असतं तिथे ट्रिप्सिन या एन्झाइमने कापल्यावर ग्लायसिन-ग्लायसिन एवढंच शेपूट उरतं, वजन ११४.०४३. लोक हे वजन शोधतात आणि म्हणतात इथे युबिक्विटिन होतं. पण आयोडोॲसिटामाइड जास्त झालं, तापमान वाढलं, की ते लायसिनच्या अमाइनवर पण चढतं, तेही दोनदा. ५७.०२१ दुणे करून बघ. जवळपास सारखं नाही, हुबेहूब तोच फॉर्म्युला, सी४एच६एन२ओ२, कितीही महागडं मशीन आणलं तरी वजनावरून वेगळं काढता येणार नाही. २००८ मध्ये हे दाखवून दिलं गेलं, आणि उपाय काय तर आयोडोच्या जागी क्लोरोॲसिटामाइड घ्या, लीव्हिंग ग्रुप मंद केला की लायसिनवर चढणं थांबतं. लीव्हिंग ग्रुपचा तक्ता आपण अकरावी-बारावीपासून घोकतो.

क्लिक केमिस्ट्रीत, म्हणजे अझाइड आणि अल्काइन चटकन जोडायच्या रिॲक्शनमध्ये, पण असंच झालं. २०२२ चं नोबेल बर्टोझी, मेल्डल आणि शार्पलेस यांना मिळालं ते माहीत असेलच. पेशींना अझाइड लावलेली साखर खाऊ घालायची, पेशीची एन्झाइम ती प्रोटीनवर बसवतात, मग अल्काइन लावलेला बायोटिन आणून अझाइडला जोडायचा आणि ती सगळी प्रोटीन गळाला लावून बाहेर काढायची. या जोडणीला लागणारं कॉपर पेशीला विषारी, म्हणून जिवंत पेशीत ताण दिलेली आठची अल्काइन रिंग वापरतात, तिला कॉपर लागत नाही. आता साखर पेशीत शिरावी म्हणून तिच्या सगळ्या ओएचना ॲसिटिल लावून देतात. आणि २०१८ मध्ये दिसलं की ही ॲसिटिल लावलेली साखर, जास्त प्रमाणात दिली तर, एन्झाइमशिवायच सिस्टीनला जाऊन चिकटते. म्हणजे साखर लागलेली प्रोटीन म्हणून जी यादी हातात येते त्यातली काही निव्वळ फ्लास्कमधल्या रिॲक्शनची देणगी. असा संशय यायला मेकॅनिझम डोक्यात लागतं गं, सॉफ्टवेअरला तो येत नाही.

पायवाट_९९

सगळं वाचलं, छान आहे, पण नोकरीचं काय? एमएस्सीनंतर चिंचोळी एमआयडीसीत नाहीतर हैदराबादला फार्मात लागायचं तर तिथे रिॲक्शन टाकता येते का एवढंच विचारतात. हे प्रोटीन वगैरे घेऊन मुलगी अडकायला नको.

ठाणे_मासस्पेक

काळजी रास्त आहे. पण शुगरची, वजनाची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत, सेमाग्लुटाइडसारखी, ती सगळी पेप्टाइड आहेत, लायसिनवर लिंकरने फॅटी ॲसिडची शेपटी लावलेली, म्हणजे माणसाने मुद्दाम केलेलं मॉडिफिकेशनच. रेझिनवर पेप्टाइड बनवणं आणि एचपीएलसीवर शुद्ध करणं येणारी मुलं कंपन्यांना हवीच असतात. हात सिंथेसिसचा ठेव, प्रश्न जीवशास्त्राचा घे, अडकायला होणार नाही.

जुनी_प्रयोगशाळा

मी सोलापुरातच केमिस्ट्री शिकवत होतो, आता निवृत्त आहे. सगळ्यांनी फार चांगलं लिहिलंय पण मुलीचा शेवटचा प्रश्न राहिला, यूव्ही आणि टीएलसीवर काय होईल. तर होतं, आणि चांगलं होतं.

पहिला भाग शुद्ध ऑरगॅनिकचा ठेव. मारिओ अमाडोरींनी १९२५ च्या सुमारास हे काम केलं ते ग्लुकोज आणि ॲरोमॅटिक अमाइन घेऊनच. तू ग्लुकोज आणि पॅराटोल्युइडिन घे, थोडं ॲसिड आणि अगदी थोडं पाणी, गरम कर, टीएलसी बघत राहा. आधी ग्लायकोसिलअमाइन मिळतं, ॲसिडने ते पुढे कीटोअमाइनमध्ये सरकतं, आणि हे दोन्ही वेगवेगळे काढून त्यांचा आयआर, एनएमआर, मेल्टिंग पॉइंट दे. टोल्युइडिन विषारी आहे, हूडमध्येच आणि ग्लोव्हज घालून. या भागाला तुझ्या मॅडमही नाही म्हणणार नाहीत.

दुसरा भाग प्रोटीनचा. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन मिळतं, फॉस्फेट बफर ७.४, त्यात साखर, ३७ अंशाला ठेवून द्यायचं. ग्लुकोज घेतलंस तर आठवडे जातात कारण तो उघड्या साखळीच्या रूपात एक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्याही आतबाहेर असतो, बाकी सगळा रिंगमध्ये. रायबोज घे, ती जास्त उघडी असते, काही दिवसांत फरक दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून वेग मोजलास तर तोच एक सुंदर ग्राफ होईल. सोडियम अझाइड ०.०२ टक्के टाकावं लागेल नाहीतर बुरशी आणि बॅक्टेरिया सगळं खाऊन टाकतील. अझाइड ॲसिडमध्ये ओतायचं नाही आणि बेसिनमध्येही नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचं, हे लॅब असिस्टंटलाही सांगून ठेव.

मोजायचं एनबीटीने, म्हणजे नायट्रोब्लू टेट्राझोलियम या रंगद्रव्याने. कार्बोनेट बफर, पीएच दहाच्या थोडं वर, तिथे कीटोअमाइनचा एनडायॉल होतो, तो पिवळ्या एनबीटीला रिड्यूस करतो आणि जांभळा फॉर्माझान येतो, ५३० नॅनोमीटरला वाच. पण उरलेली मोकळी साखरही एनबीटीला रिड्यूस करते, म्हणून आधी डायलिसिस बॅगमध्ये ठेवून साखर काढायचीच, इथे आळस केला की सगळे आकडे खोटे. नुसतं अल्ब्युमिन आणि नुसती साखर हे दोन ब्लँक प्रत्येक वेळी हवेत.

आणि कळकळीने सांगतो, यात कुठल्यातरी पाल्याचा अर्क टाकून अँटिग्लायकेशन, म्हणजे प्रोटीनला साखर लागणं थांबवणारं, म्हणून प्रोजेक्ट संपवू नकोस. असे प्रोजेक्ट मी खूप तपासले. अर्कातले पॉलिफिनॉल स्वतःच एनबीटीला रिड्यूस करतात, शिवाय त्यांचा रंग असतोच, मग जे दिसतं ते प्रोटीनचं की पाल्याचं?

जुळेसोलापूर_ऑरगॅनिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पॅथलॅबवाल्या मॅडम, बाबांना तुमचं वाचून दाखवलं. सर, दोन्ही भाग वहीत उतरवून घेतले आणि उद्याच मॅडमना दाखवते.

एक शंका आहे. पाल्याच्या अर्काऐवजी एक साधा, रचना माहीत असलेला रेणू घ्यावा म्हणून वाचत होते तर ॲमिनोग्वानिडिन सापडलं, ग्लायकेशन थांबवतं असं सगळीकडे लिहिलंय. ते टाकलं तर एनबीटीचा जांभळा रंग कमी येईल ना? म्हणजे तेच माझं कंट्रोल होईल.

जुनी_प्रयोगशाळा

निवड उत्तम आहे पण रंग फारसा कमी येणार नाही, आणि का येणार नाही हे मेकॅनिझम काढून बघ. ॲमिनोग्वानिडिनचा हायड्राझीनसारखा टोकाचा अमाइन आणि ग्वानिडिन मिळून अल्फा डायकार्बोनिलला धरतात, मिथाइलग्लायॉक्सल, ३-डीऑक्सीग्लुकोसोन असले, आणि ट्रायझीन रिंग करून टाकतात. हे डायकार्बोनिल मुख्यतः अमाडोरीच्या पुढच्या टप्प्यात, साखर मोडताना तयार होतात. त्यामुळे शिफ बेस आणि अमाडोरी बरीचशी होतच राहणार आणि एनबीटी तेच मोजतं. थांबतं ते पुढचं, प्रोटीनचे क्रॉसलिंक आणि पिवळेपणा, म्हणजे एजीई (ॲडव्हान्स्ड ग्लायकेशन एंड प्रॉडक्ट्स). माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत हे औषध गेलं होतं, पण पुरेसा फायदा दिसला नाही आणि सुरक्षिततेच्या शंका आल्या म्हणून बाजारात आलं नाही.

तेव्हा तू दोन्ही मोज. एनबीटीने अमाडोरी, आणि एजीईसाठी फ्लुओरिमीटर, ३७० ला एक्साइट करून ४४० ला वाचायचं. तुमच्याकडे नसेल तर फार्मसी कॉलेजमध्ये विचार, पत्र घेऊन गेलं की बहुतेक वेळा देतात. रायबोजच्या नळ्यांमध्ये पहिलं वाचन जवळपास तसंच राहून दुसरं खाली आलं, तर औषध कुठल्या पायरीवर काम करतं ते तू स्वतः दाखवलंस. अल्ब्युमिन फ्रीजमध्ये ठेवायचं, बफर त्याच दिवशीचा घ्यायचा, आणि पहिल्या नळ्या लावल्या की इथे आकडे टाक, मी बघतो.